पहिलं बोट

बुधवारी एका लिफ्टच्या नोंदवहीत मला माझी बायको सापडली. नाव लिहिलेलं नव्हतं. एवढंच होतं की अकरा फेब्रुवारीला दुपारी साडेतीनला गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे थांबली, आत एक बाई आणि एक पुरुष, बारा मिनिटांनी बाहेर काढले, दाराच्या कुलपाचा कॉन्टॅक्ट साफ केला. खाली माझ्याच कंपनीतल्या एका मेकॅनिकची सही. ती इमारत माझ्या भागात येत नाही. तो मेकॅनिक रजेवर होता म्हणून मला पाठवलं होतं. दार पुन्हा तसंच अडत होतं, म्हणून मागं कधी अडलं होतं ते बघायला मी वही उलटी चाळत होतो. लिफ्टमन स्टुलावर बसून माझ्या खांद्यावरून वाचत होता. तो म्हणाला, "ही बाई माझ्या चांगली लक्षात आहे. वर रक्त तपासायची लॅब आहे ना, तिथल्या त्या ताडमाड साहेबांची बहीण. आतून ओरडून मला सांगत होत्या, अहो, माझे मिस्टर लिफ्टचंच काम करतात, त्यांना बोलवा, ते पाच मिनिटांत काढतील. हसत होत्या हो. मी म्हटलं, बाई धीराची आहे. बाहेर आल्या तेव्हा मात्र डोळे सुजलेले. आणि साहेब भिंतीकडे तोंड करून उभे. तुमच्या ओळखीतल्या आहेत का कोणी?" मी म्हटलं, "नाही." मग कॉन्टॅक्ट घासला, दहा वेळा दार उघडझाप करून बघितलं, वहीत माझी नोंद केली आणि तारखेच्या जागी अकरा फेब्रुवारी लिहून बसलो. ते खोडून पुन्हा लिहावं लागलं. एकतीस वर्षांत मी वहीत खाडाखोड केली नव्हती.

तिच्या आजाराचं मला डॉक्टरांनी जे सांगितलं ते अठ्ठावीस जूनला सांगितलं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर घेऊन, आणि डॉक्टर बोलत असताना त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, घाबरली आहे, आधार शोधते आहे. मी तिचा हात धरला. आता कळतं की ती आधार वगैरे शोधत नव्हती. ते माझ्यावर कसं आदळतंय ते बघत होती. तिच्यावर ते कधीच आदळून गेलं होतं. दाराशी बारक्या उभा होता. बारक्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. सहा फूट दोन इंच उंच आहे, पन्नाशी उलटली आहे, पण लहानपणी ती त्याला बारक्या म्हणायची म्हणून तो सगळ्यांचाच बारक्या. तो त्या दिवशी तोंडावर रुमाल धरून रडला. मी जाऊन त्याच्या पाठीवर थोपटलं. "असं खचून कसं चालेल," मी त्याला म्हणालो. मी, त्याला. ऑक्टोबरात ती गेली, तेव्हाही मी त्याला घरी पोचवायला गेलो होतो. बुधवार ते रविवार मला दुसरं काही आठवत नव्हतं, फक्त ते थोपटणं. जेवताना, बसमध्ये, गाडीच्या छतावर उभा राहून दोर तपासताना, मला माझा उजवा हात आठवत होता, त्याच्या शर्टावर वरखाली होणारा, आणि त्या हाताची मला किळस येत होती. अकरा फेब्रुवारी ते अठ्ठावीस जून. मी मोजले. एकशे सदतीस दिवस. आमच्या कामात एक पद्धत आहे. वर मशीन रूममध्ये मेन स्विच पाडला की खाली खड्ड्यात उतरणारा प्रत्येकजण त्या स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली आपल्या खिशात घालतो, म्हणजे तो वर येईपर्यंत कोणाला स्विच चालू करता येत नाही. तीन माणसं असतील तर तीन कुलपं. दुसऱ्याच्या कुलपावर भरवसा ठेवून कोणी उतरत नाही, कारण त्याचं काम संपलं की तो आपलं कुलूप काढून घरी जाणार. माझ्या घरात त्या दोघांनी आपापली कुलपं लावली, किल्ल्या खिशात घातल्या, आणि मी बिनकुलपाचा खड्ड्यात उभा राहून शीळ घालत होतो. त्यांनी कुलपं काढली तेव्हा गाडी सरळ माझ्या डोक्यावर आली.

रविवारी दुपारी पत्ते खेळायचं मुलीनं आधीच ठरवलं होतं. येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी, म्हणजे नऊ दिवसांनी, ती जाणार होती, दोन वर्षांसाठी, विमानानं बारा तास लागतात तिथं. जाण्याआधी तिनं माझी सोय लावली होती. बारक्यानं लग्न केलं नाही, भाड्याच्या खोलीत राहतो. ती खोली सोडून तो आमच्याकडे मधल्या खोलीत राहायला येणार होता. "तुम्ही दोघं एकमेकांना धरून राहणार असाल तरच मी जाईन, नाहीतर तिकीट रद्द," ती म्हणाली होती, आणि मी महिन्यापूर्वी हो म्हटलं होतं, वर हेही म्हटलं होतं की बरं होईल, कोणीतरी बोलायला मिळेल. त्यामुळे आता तिच्यासमोर त्याची गचांडी धरता येत नव्हती. तिला कळलं तर ती जाणार नाही. तिला न कळता त्याला कसं दुखवायचं, ते मला सुचत नव्हतं. मी चार दिवस फोनवर त्याच्याशी नेहमीसारखा बोललो. "दाजी, मी कपाट आणू की तुमच्याकडे आहे जादा?" "आण." "दाजी, आवाज बसलाय का तुमचा?" "धूळ गेली." मग रविवारी तो आला, दाराच्या चौकटीखाली नेहमीसारखा मान वाकवून, आणि हसला. हसताना त्याच्या वरच्या ओठाची कडा डावीकडे थोडी जास्त उचलते. तिची तशीच उचलायची. मला वाटलं, हे तोंड आता रोज माझ्यासमोर जेवायला बसणार.

खेळ माझ्या बायकोचा होता. ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे दुरुस्तीच्या काउंटरवर बसायची. कुठल्या तरी गिऱ्हाइकाकडून तो ऐकून आली आणि आपले फेरफार करून आम्हाला शिकवला. दोन कॅट घ्यायचे, त्यातली एक्का ते पंजी एवढीच पानं ठेवायची, चाळीस. प्रत्येकाला चार पानं, पण ती उलटी धरायची. पाठ आपल्याकडे, तोंड दुसऱ्यांकडे. म्हणजे माझ्या हातात काय आहे ते मी सोडून सगळ्यांना दिसतं. मधे इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर असे चार ढीग एक्क्यापासून पंजीपर्यंत चढवायचे. चारी पुरे झाले की वीस. इथं कोणी एकटा जिंकत नाही, जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. आपल्या पाळीला आपलं एक पान न बघता खेळायचं, किंवा फेकायचं, किंवा दुसऱ्याला खूण द्यायची. खुणेला एक पांढरं बटण खर्ची पडतं, पान फेकलं की एक परत मिळतं. खूण म्हणजे त्याच्या पानांवर बोट ठेवून "या बदाम" किंवा "या तिर्र्या" एवढंच म्हणायचं. खोटं बोलायचं नाही, आणि बाकी तोंड बंद. चुकीचं पान पडलं तर एक काळं बटण मधे. तीन काळी झाली की डाव संपला. यात तिनं घरची म्हणून एक पद्धत पाडली होती. खूण देताना पहिलं बोट ज्या पानावर पडेल, ते पान ताबडतोब खेळायचं. विचार करायचा नाही, विचारायचं नाही. "माझ्या बोटावर विश्वास नसेल तर खेळू नका माझ्याबरोबर," ती म्हणायची. आमची मजल एकोणीसपर्यंत गेली होती. वीस कधी झाले नाहीत. गेल्या मे महिन्यात एकदा अठरावर अडकलो तेव्हा ती पानं आवरताना म्हणाली, "एकदा वीस करू द्या मला, मग मरायला मोकळी." मी म्हणालो, "मग मी रोज मुद्दाम हरतो." ती खूप हसली. बारक्या उठून पाणी प्यायला गेला. तो पाणी प्यायला गेला हे मला शुक्रवारी आठवलं, दुपारी, चौथ्या मजल्यावर, हातात पाना असताना. मी तसाच उभा राहिलो आणि मदतनीस खालून ओरडत राहिला, "सोडू का गाडी? साहेब, सोडू का?"

तिच्या खुर्चीत आता खालच्या मजल्यावरचे मास्तर बसले. शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. "मास्तर, चष्मा काढा, आमची पानं तुमच्या काचेत आम्हालाच दिसतील," बारक्या म्हणाला. "दिसत असती तर तुम्ही इतकं भिकार खेळला असतात का?" मास्तर म्हणाले. "आणि काढला तर तुमची दिसणार नाहीत. एक काय ते ठरवा." मुलगी हसली. ती पाय खुर्चीवर घेऊन बसली होती, आईसारखी, आणि मला म्हणाली, "बाबा, आज वीस. आईसाठी. मी विमानात बसायच्या आधी." मी मान हलवली. मला तोवर काही सुचलेलं नव्हतं, हे खरं सांगतो. मी ठरवून बसलो नव्हतो. बारक्यानं पानं माझ्यासमोर धरली, लांब बोटांनी, त्या बोटांनी तो दिवसभर लोकांच्या शिरा शोधतो, आणि त्याच्या हातात दोन बदाम होती, तिर्री आणि पंजी. मधे बदामाची दुर्री पडलेली. तिर्री हवी होती. मी पांढरं बटण सरकवलं, हात पुढे केला आणि पहिलं बोट पंजीवर ठेवलं. मग तिर्रीवर. "या बदाम," मी म्हणालो. खोटं काहीच बोललो नाही. बारक्याची पाळी माझ्यानंतर. त्यानं डोळ्याची पापणी न हलवता ती पंजी ओढली आणि मधे टाकली. "अरेरे," मास्तर म्हणाले. मुलीनं काळं बटण ठेवलं. "बाबा! पहिलं बोट!" "चुकलं," मी म्हणालो. "विसरलो. बरेच दिवस झाले ना." "होतं हो दाजी," बारक्या म्हणाला, "माझंच नशीब फुटकं," आणि पुन्हा तसाच हसला, ओठ डावीकडे उचलून. आणि माझ्या छातीत काहीतरी सैल झालं, पाच दिवसांत पहिल्यांदा. मी बोट ठेवीन तिथं तो उडी मारणार होता. तो बघणार नव्हता, मीच बघणार होतो. त्याला जे दिसत नाही ते मला दिसत होतं. एकशे सदतीस दिवस जे त्यांनी माझं केलं, ते मी त्याचं या टेबलावर करू शकत होतो, पोरीच्या नाकासमोर, नियमात राहून.

त्यानंतर मी फार चांगला खेळलो. हे विचित्र वाटेल, पण सूड घ्यायचा असला की डोकं स्वच्छ होतं. मला कोणती पानं गेली, कोणती राहिली, सगळं पाठ होतं. मी मास्तरांना दोन सुरेख खुणा दिल्या, मुलीला एक, तिनं पान टाकून टाळी वाजवली. ढीग चढत गेले. वर चढत गेले म्हणजेच पाडायला उंची मिळत होती. मी मधेच बारक्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, एप्रिल. कारण एप्रिलमध्ये ती मला म्हणाली होती, चार दिवस कुठंतरी जाऊ या, पाणी असेल तिथं, नुसतं बसू. मी म्हटलं, अगं, एप्रिलमध्ये वार्षिक तपासणी असते, बारा इमारती, वर्षानुवर्षं तुला माहीत आहे, जूनमध्ये जाऊ. ती म्हणाली, "बरं, जूनमध्ये." काही रागावली नाही. मी तेव्हा कोणत्या इमारतीत होतो, कोणता ब्रेक उघडला होता, कोणाशी हुज्जत घातली होती, ते सगळं वह्यांमध्ये लिहिलेलं आहे. बारा इमारती. कोणी मला फक्त एक शब्द बोललं असतं तर मी ते बारा ब्रेक खुशाल तसेच सोडून गेलो असतो. तिनं त्या दिवसांत मला शर्टाला इस्त्री करायला शिकवली, बाही आधी, मग पाठ. कपाटातल्या फायलींवर जाड अक्षरात चिठ्ठ्या लावल्या. आपलं शिवणयंत्र दुकानातल्या एका मुलीला देऊन टाकलं, म्हणाली, डोळे दुखतात. हे सगळं मी बघितलं आणि मला काहीही दिसलं नाही. मी एकदा म्हणालोही, "काय घर सोडून चाललीस की काय?" ती म्हणाली, "छे हो, काही नाही." काही नाही. आणि बारक्याला सगळं माहीत होतं, तो दर रविवारी इथं, याच खुर्चीत बसून मला "दाजी, तब्येत कमी केलीत वाटतं" म्हणायचा. माझी पाळी आली. त्याच्या हातात दोन दुर्र्या होत्या, इस्पिकची हवी होती, चौकटची केव्हाच पडली होती. मी पहिलं बोट चौकटवर ठेवलं. तो क्षणभर थांबला. नुसता एक श्वास. मग खेळला. दुसरं काळं बटण. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे. मास्तर म्हणाले, "दोन काळी झाली. आता एक चूक आणि सगळे घरी. मला काय, मी एक जिना उतरलो की घरी." कोणी हसलं नाही. "बाबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मुलीनं विचारलं. "काही नाही," मी म्हणालो. तो शब्द तोंडातून सहज गेला.

अठरा झाले. इस्पिक पुरं, किलवर पुरं. चौकटची पंजी हवी होती आणि बदामाची पंजी, एवढंच. चौकटची बारक्याच्या हातात मला दिसत होती, तिच्या शेजारी इस्पिकची एक जादा पंजी, निरुपयोगी. मुलीची पाळी होती. तिनं माझ्या चार पानांकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला नजर वळवावी लागली. बटण सरकवून तिनं माझ्या उजवीकडच्या पानावर बोट ठेवलं, दाबून. "ही पंजी," ती म्हणाली. एकच पान. मला त्यासाठी डोकं लावायची गरज नव्हती. ती बदामाची होती, चौकटची दुसरी पंजी केव्हाच फेकली गेली होती. मी ती टाकली की एकोणीस, आणि मग बारक्याला कोणीही सरळ खूण दिली की वीस. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. खिडकीबाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती, पुन्हा मारत होतं. मी माझ्या पानाच्या पाठीकडे बघत होतो, निळी जाळी, एक कोपरा दुमडलेला. पुढे वीस होते. तिचे वीस. मी ते पान टाकलं असतं तर सगळे उठून उभे राहिले असते, मुलगी रडली असती, मला बिलगली असती, आणि बारक्याही, आणि मला पुन्हा त्याच्या पाठीवर थोपटावं लागलं असतं. मला ते वीस नको होते. माझ्या लक्षात आलं की मला ते बारक्याला द्यायचे नव्हते हे तर होतंच, पण त्याहून जास्त मला ते तिला द्यायचे नव्हते. तू मरायला मोकळी झालीस ना, मी मनात म्हणालो, न विचारता मोकळी झालीस. मग राहू देत तुझे वीस. एवढा राग मला तिचा कधी आला नव्हता, तेहतीस वर्षांत नाही, आणि तो राग घेण्यासाठी आता समोर कोणी नव्हतं, फक्त तिच्यासारखा ओठ असलेला हा माणूस होता. मी शेवटचं पांढरं बटण उचललं. "बाबा, खेळा ना," मुलगी म्हणाली, नियम मोडून. मी हात पुढे केला आणि पहिलं बोट इस्पिकच्या पंजीवर ठेवलं. मग चौकटच्या. "या पंज्या."

मास्तरांच्या तोंडून हवा गेल्यासारखा आवाज आला. मुलीचा हात तोंडाकडे गेला. बारक्या आपली पानं बघू शकत नव्हता, पण तोंडं बघू शकत होता. त्यानं मास्तरांचं तोंड बघितलं, तिचं बघितलं, मग माझं. बराच वेळ बघितलं. त्याच्या लॅबमधल्या काचेखाली जसं बघत असेल तसं. दुसरं पान ओढायला त्याला फक्त बोट एक इंच सरकवायचं होतं. त्याला कळलं होतं. मला कळलं की त्याला कळलंय. "दाजी, हेच ना?" तो म्हणाला. बोलायचं नसतं. मी बोललो नाही. त्यानं इस्पिकची पंजी मधे ठेवली, अगदी हलकेच, आणि तिसरं काळं बटण स्वतःच्याच हातानं बाजूला ठेवलं. मग सगळ्यांनी पानं खाली टाकली, तोंड वर करून. माझ्या उजव्या बाजूला बदामाची पंजी होती. मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "तुम्ही मुद्दाम केलंत," ती म्हणाली. "तुम्हाला वीस नको होते." "माझं लक्ष नव्हतं." "खोटं बोलू नका, बाबा." मास्तर उठले. "पत्त्यांत होतं असं. मी तर बायकोशी एका डावावरून आठवडाभर अबोला धरला होता," ते म्हणाले, आणि मुलीला म्हणाले, "चल, मला जिन्यापर्यंत हात दे, गुडघा धरलाय." त्यांचा गुडघा काही धरला नव्हता. ती त्यांच्याबरोबर गेली.

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडला. बारक्या मागून आला. "तिन्ही वेळा मुद्दाम," तो म्हणाला. "पहिल्यांदा मला वाटलं चुकलात. दुसऱ्यांदा कळलं." "मग तिसऱ्यांदा खेळलास कशाला?" "तुम्ही बोट ठेवलंत ना." मी कप घासत होतो, स्वच्छ कप पुन्हा घासत होतो. "अकरा फेब्रुवारी," मी म्हणालो. त्यानं ओट्याला हात लावला. एवढा उंच माणूस, त्याला टेकायला ओटा बुटका पडत होता. "कोणी सांगितलं?" "वहीत आहे. तुमची गाडी अडली होती." तो म्हणाला, "तिनं मला शपथ घातली होती, दाजी." "शपथ घातली म्हणून तोंड शिवलं जातं का रे? मी तुझा कोण होतो? शेजारी?" "तुम्ही तिचं तोंड बघितलं असतंत त्या दिवशी, तर तुम्हीही..." "तेच म्हणतोय मी!" माझा आवाज चढला, आणि तो जिन्यापर्यंत जाईल म्हणून मी नळ आणखी मोठा केला. "तेच. मला बघू दिलं नाहीस."

तो रडायला लागला. मी या वेळी थोपटलं नाही. हातात फडकं होतं, तेही दिलं नाही. तो बाहीनं तोंड पुसत म्हणाला, "ती म्हणाली, त्यांना कळलं की ते मला दुरुस्तीला काढतील. उठता बसता बिघाड शोधत बघतील माझ्याकडे. मला थोडे दिवस चालू राहायचंय." हे तिचंच बोलणं होतं. बारक्याला असं रचता येत नाही. तिचं एक नवं वाक्य, मी कधी न ऐकलेलं, आणि ते वर्षभर या माणसाच्या खिशात पडलं होतं. मी तिच्या जुन्या वाक्यांवर दिवस काढत होतो, तीच तीच उगाळत होतो, त्यातली अर्धी पुसट झाली होती. आणि याच्याकडे साठा होता. "आणखी?" मी म्हणालो. "काय आणखी?" "आणखी काय म्हणाली? एप्रिलमध्ये?" त्यानं मान खाली घातली. "एप्रिलमध्ये मी तिला घेऊन गेलो होतो. एक दिवस. तळ्यावर. तुम्हाला दुकानात माल मोजायचा आहे म्हणून सांगितलं होतं." मला वाटलं होतं की आता याहून जास्त लागायचं काही उरलं नाही. मी ओट्याची कड धरली. "तिनं काय केलं तिथं?" "पाय पाण्यात सोडून बसली. दाजी, मी राहायला येत नाही. मी पोरीला काहीतरी कारण सांगतो. पण तिला हे कळू देऊ नका. ती जाणार नाही मग. तिला अजूनही माहीत नाही." म्हणजे आता मी आणि तो, आम्ही दोघं मिळून पोरीपासून हे लपवणार होतो. त्यांच्यात मला इतक्या सहज घेतलं त्यानं. आणि मी नाही म्हणू शकत नव्हतो.

"तू राहायला येणार," मी म्हणालो. "मंगळवारी ती गेली की त्याच संध्याकाळी. कपाट घेऊन." "तुम्हाला माझं तोंड बघवणार नाही." "नाहीच बघवणार. तरी येणार तू. माझे एकशे सदतीस दिवस तुझ्याकडे आहेत. ते मला परत पाहिजेत. रोज एक. जेवण झालं की माझ्यासमोर बसायचं आणि सांगायचं, त्या दिवशी ती काय म्हणाली, काय खाल्लं, कुठं दुखत होतं, माझ्याबद्दल काय बोलली, हसली की नाही. क्रमानं. उड्या मारायच्या नाहीत. दमलो म्हणायचं नाही, आठवत नाही म्हणायचं नाही." "सगळे दिवस मी तिला भेटलो नाही, दाजी." "फोन केला असशील. फोन नसेल केला तर तू काय करत होतास ते सांग. ते माहीत असून तू कसा जेवलास, कसा झोपलास, माझ्याशी कसा बोललास, ते सांग." तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं त्याला आणखी काही हवं होतं, शिवी, थप्पड, काहीतरी जे एकदा होऊन संपतं. ते मी त्याला देणार नव्हतो. बाहेर दार वाजलं, मुलगी परत आली, टेबलावरची पानं गोळा करत असल्याचा आवाज आला. "आजपासून सुरू कर," मी हळू म्हणालो. "अकरा तारीख. सकाळपासून." "आत्ता? ती बाहेर आहे." "हळू सांग."

त्यानं ओठ पुसले. भिंतीकडे बघत तो म्हणाला, सकाळी ती दुकानात न जाता थेट लॅबमध्ये आली. हातात पिशवी, पिशवीत तुमचा शर्ट, कॉलर उलटवायला घेतलेला. निकाल मीच काढला होता, पण सांगायला जीभ उचलेना, तर तीच म्हणाली, तुझ्या तोंडावर लिहिलंय, वाच आता. मी वाचलं. मग तिनं तो शर्ट बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि कॉलरचे टाके उसवायला लागली. मी म्हटलं, ताई, हे काय करतेस? ती म्हणाली, त्यांना सोमवारी लागतो. एवढं बोलून बारक्या थांबला.

मी नळ बंद केला. "पुन्हा सांग," मी म्हणालो. "पाण्याच्या आवाजात शेवटचं ऐकू आलं नाही."

ऐकू आलं होतं. तरी मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.